विहिरीकडचा शाळू

लग्न होऊन मी उंब्रजजवळच्या एका गावात आले आणि महिन्याभरातच नवरा पलटणीत परत गेला. घरात उरलो तिघं: मामंजी, आत्याबाई आणि मी. सासूसासरे एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. मधे कुणीतरी लागायचं. ते काम आता माझ्याकडं आलं.

त्या सुमाराला नदीचं पाणी पाइपानं शिवारात आलं आणि मामंजींनी सगळ्या रानात ऊस लावायचं ठरवलं. मी त्यांना भाकरी वाढत होते.

"त्यांला इचार, शाळू कुठं पेरायचा?" चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग तिला, जुंधळा इकत मिळतो."

ऊस लागला. घरचा जोंधळा संपला, तशी आत्याबाईंनी रेशनची लाल मिलो ज्वारी आणवली. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर मोडायची. मामंजी तुकडे गोळा करून खात. कडबाही सरला आणि म्हशीपुढं नुसतं उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, पडू लागलं. ती आटली. चहा कोरा झाला.

"त्यांला सांग, दूध बी इकत मिळतं."

"फौजेत आमी कोराच पेत हुतो," मामंजी मला म्हणाले. पण कप अर्धाच ठेवून गोठ्याकडं गेले.

ऊस तुटल्यावर बुडखे राखून त्यांच्यावरच खोडवा, म्हणजे उसाचं दुसरं पीक, घ्यायचा मामंजींचा बेत होता. पण एका सकाळी ते बैल जुंपून विहिरीकडच्या तुकड्यातले बुडखे मोडायला निघाले. आत्याबाई मागोमाग जाऊन बांधावर उभ्या राहिल्या. निरोप असला तर, म्हणून मीही गेले. थोडं नांगरून मामंजींनी बैल थांबवले.

"हितवर बास म्हणावं."

"आनि थोडं," आत्याबाई म्हणाल्या. मला नव्हे, त्यांना. मामंजी दचकले. नांगर पुढं गेला.

पावसाळा सरता तिथं शाळू पेरला. थंडीत हुरड्याला पाव्हणे आले.

"सगळाच ऊस लावून चालत न्हाई गड्या," मामंजी त्यांना समजावत होते. "माणसाला खायाला, जनावराला कडब्याला नगं व्हय? मी पहिल्यापास्नं सांगतोय."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या शांतपणे कणसं भाजत होत्या.

"पाव्हण्यांस्नी चटणी वाढ," त्या म्हणाल्या, "आन त्यांला सांग, पुढल्या साली भुईमूग बी करायचा हाय."

"ऐकलंय म्या," मामंजी म्हणाले.