मोडणारा बोंबील

लालबागच्या फुटपाथवर सुके बोंबील विकणारी ती कोळीण कुणी विचारायच्या आधीच एक बोंबील मोडून दाखवायची. कट्ट आवाज आला की माल कडक वाळलेला. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हापासून तिचं घर याच आवाजावर चाललं होतं.

यंदा ऐन जानेवारीत पाऊस आला आणि वाळत घातलेले बोंबील भिजले. मी पाव किलो मागितले. तिने एक वाकवला, तो मोडेना.

"नको नेऊ, बाय. घरात सडतील."

"जगभरच्या धुरानं हवामान बिघडलंय, मावशी, म्हणून हा अवेळी पाऊस."

"आमच्या गिरणीची चिमणी तर कवाच थंड झाली. मग ह्यो धूर कुणाचा?"

ज्यांचा होता, त्यांनी बोंबील कधी पाहिलाही नव्हता.

ती टोपलीतला एकेक बोंबील वाकवून बघत राहिली. एकाचाही आवाज आला नाही.