मास्तरांच्या दुर्बिणीतलं डावं-उजवं

रंकाळा तळ्यातल्या शर्यतीत मी फसवेगिरी केली, असा शिक्का माझ्यावर वर्षभर होता. तो मारला आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी, स्वतःच्या दुर्बिणीतून बघून.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झालेली. तालमीची पोहण्याची शर्यत होती. तळ्याच्या मध्यावर पिंप तरंगत ठेवलेलं. ते उजव्या हाताला ठेवून वळायचं आणि परत यायचं. शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी नियमाप्रमाणे वळलो, मागचा भलत्याच बाजूनं. पंच म्हणून काठावरून दुर्बिणीतून बघणाऱ्या मास्तरांना नेमकं उलटं दिसलं. मी आधी पोचूनही बाद, आणि मानाचा फेटा त्याला.

"मी बरोबर वळलोय की!" मी ओरडलो.

"दुर्बीण खोटं बोलती व्हय रं?" तालमीचे वस्ताद गरजले. लोक फिदीफिदी हसले. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

याचं उट्टं काढायचंच, हे तेव्हाच ठरलं. गोडगोड बोलून मी एकदा दिवसाउजेडी त्या दुर्बिणीला डोळा लावला. समोरच्या दुकानाची पाटी आरशात दिसावी तशी! मान अवघडू नये म्हणून दुर्बिणीच्या शेपटाला जो कोपरा लावतात, त्या डायगोनलमध्ये साधा आरसा होता. चित्र उभं, पण डावं-उजवं उलटं. मास्तर आयुष्यभर चंद्र बघत आलेले. चंद्राला डावं-उजवं कोण विचारतो?

मी गप्प राहिलो. लष्करी भंगारवाल्याकडून दोन डायगोनल मागून आणले आणि मास्तर शाळेत असताना त्यांच्या घरी जाऊन, काचा पुसतो असं घरच्यांना सांगून, त्यांच्याच दुर्बिणीला लावून पाहिले. एकात अक्षरं उलटीच. दुसऱ्यात छपरासारख्या कडेचं प्रिझम होतं. त्यात पाटी सरळ वाचता आली. चित्र किंचित अंधुक, पण दिवसा उजेडाला काय तोटा! तोच माझ्याकडे ठेवला.

पुढच्या शर्यतीला, सगळा गाव जमल्यावर, मी मास्तरांना पलीकडच्या काठावरची पाटी वाचायला लावली. मग माझा डायगोनल बसवून पुन्हा वाचायला लावली; उलटी अक्षरं सरळ झाली. ते विज्ञानाचे मास्तर, क्षणात उमगलं. त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला.

"चूक माझी होती," ते हळूच म्हणाले. "चल, वस्तादांना सांगतो."

"वस्तादांना नगं. कर्ण्यावर सांगा."

त्यांनी कर्ण्यावर सांगितलं. मला इतकं बरं वाटलं, की आजही त्याची लाज वाटत नाही.

"मास्तर, मागं ऐकू आलं न्हाई," मी म्हणालो.

ऐकू सगळ्यांना आलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा सांगितलं.