इंजिनाखालची तुळई

बाळांनो, तुमच्या बाबाशी मी गेले तीन आठवडे बोलत नाही. आजी उगाच चिडली आहे, असं तुम्हाला सांगितलं गेलं असणार. उगाच नाही चिडले. काय झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आपली लाल गाडी आता अठरा वर्षांची आहे. पंधरा झाली तेव्हाच तुमचा बाबा म्हणाला होता, विकून टाक. मी तपासणी करून घेतली, रीतसर नोंदणी वाढवून आणली आणि चालवत राहिले. मुलुंडहून विलेपार्ल्याला माझ्या बहिणीकडे आठवड्यातून दोनदा जाते. तिचे गुडघे गेलेत. मी गेले नाही तर ती घराबाहेर पडत नाही.

गेल्या महिन्यात ब्रेक दाबला की पुढून धप्प असा आवाज यायला लागला. आमचे मेकॅनिक मूळ मालवणकडचे, पंधरा वर्षं गाडीचं सगळं तेच बघतात. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावून टॉर्च मारला.

इंजिनाखाली, या चाकापासून त्या चाकापर्यंत, एक लोखंडी तुळई असते. ते तिला क्रॉस मेंबर म्हणतात. इंजिनाचा भार तिच्यावर, आणि पुढच्या चाकांचे दांडेही तिलाच जोडलेले. आमची तुळई डावीकडे, बोल्टजवळ, गंजून तडकली होती. तड्यात माझ्या नखाची कड गेली.

"वेल्डिंग करून चालेल का?" मी विचारलं.

"काकू, हा काय खिडकीचा गज आहे? गंजलेल्या पत्र्यावर टाका धरत नाय. बदलायलाच हवा."

"मग बदला. आणि जुना मला परत हवा."

"तुमचं ते आहेच! म्युझियम काढा आता."

जुना भाग परत घ्यायची माझी पद्धत आहे, मग तो मिक्सरचा असो की गीझरचा. मी तड्यासकट अख्ख्या तुळईचा फोटोही काढून ठेवला. रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला तेव्हा हे सगळं मी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

पुढच्या शनिवारी गाडी मिळाली. डिकीत जुना क्रॉस मेंबर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. आवाज बंद झाला होता. त्या आनंदात रविवारी बहिणीला शेजारी बसवून मी जुहूपर्यंत फिरवून आणलं. सोमवारी वॉचमनकडून गोणपाट बाहेर काढवलं आणि फोन हातात घेऊन बघितलं. फोटोत तुळईच्या मधोमध मोठा पोचा होता, सोसायटीच्या फाटकातल्या दगडावर मीच आपटवली होती ती. समोरच्या तुळईला पोचा नव्हता. शिवाय तिचा तडा उजवीकडे होता.

मी तशीच गॅरेजवर गेले.

"ही कोणाच्या गाडीची?"

"काकू, जुना माल, सगळे सारखेच दिसतात हो."

"गाडी वर घे."

पंधरा वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा अरे-तुरे केलं. त्यांनी मुकाट्याने गाडी वर घेतली. खाली आपली जुनीच तुळई, पोच्यासकट. तड्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून वेल्डिंग मारलेलं आणि वरून जाड काळा रंग.

"आईशप्पथ काकू, मी नको म्हणत होतो. दादांचा फोन आला परदेशातून."

"काय म्हणाला दादा?"

त्यांनी मान खाली घातली. "म्हणाले, आईला नवीन टाकला म्हणून सांगा. खरंच नवीन टाकलात तर ती अजून दहा वर्षं चालवेल. सध्या ढकला कसंतरी, डिसेंबरात येतो नि गाडी काढून टाकतो."

संध्याकाळी मी तुमच्या बाबाला फोन लावला.

"अगं आई, तुझ्या काळजीपोटीच केलं ना."

"मी गाडी चालवू नये म्हणून तू मला तडकलेल्या गाडीत बसवलंस? ही कसली काळजी रे?"

"तो म्हणाला सहा महिने आरामात टिकेल."

"टाका धरत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आणि काल तुझी मावशी शेजारी होती माझ्या!"

"तू चौऱ्याहत्तरची आहेस. विकू या म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून खोटं बोलायचं?"

मी फोन ठेवला.

खरं सांगते, मला खोट्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की दोन शहाणेसुरते पुरुष माझ्या गाडीबद्दल बोलले आणि गाडी कोणाची हे दोघांनाही आठवलं नाही. लायसन्स माझं. जीवही माझाच होता.

काम मी त्याच गॅरेजमध्ये करून घेतलं. ज्याने फसवलं त्यानेच, माझ्यासमोर. दोन दिवस मी तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. इंजिन वरून साखळीने टांगलं, मग खालून एकेक बोल्ट सोडवायला घेतला. एक गंजून तुटला, तो ड्रिलने पोखरून काढण्यात अख्खी दुपार गेली.

"काकू, घरी जावा ना. जरा आराम करा."

"तू काम कर."

नवी तुळई बसताना मी वाकून बघितली. चाकांचं अलाइनमेंट झाल्याशिवाय उठले नाही. पोच्याची तुळई घरी आणली आणि बाहेर चपलांच्या रॅकशेजारी उभी केली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. दिसू दे.

डोळे मी दर सहा महिन्यांनी तपासून घेते. रात्रीची गाडी चालवणं मी स्वतःहून सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर नको म्हणतील त्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवीन, आणि ते मीच तुम्हाला कळवीन. तुमच्या बाबाला वाद घालायचाच असेल तर इथे येऊन, माझ्यासमोर बसून घालावा. मी ऐकून घेईन, कदाचित पटेलही. पण माझ्या पाठीमागे माझ्या मेकॅनिकला फोन करायचा नाही.

हे पत्र त्याला वाचून दाखवा. काही गाळू नका. काल त्याने तीनदा फोन केला, मी उचलला नाही. आधी त्याला म्हणावं, मावशीला फोन कर, आणि त्या रविवारी ती कसल्या गाडीत बसली होती ते तिला स्वतःच्या तोंडाने सांग.