वाकड्या मानेचा च्या

...अन् झोका कधी मातीच्या भिंतीले बांधता येते का? आढ्यालेच बांधा लागते. लिही तसंच. रावेरच्या सुपडूआबाले मुंबईच्या डॉक्टरनं हेच सांगितलं. आबाचे वरचे दात तंबाखूनं खाल्ले, आतलं हाड झिजून पापडावानी झालेलं. कवळी बसवली तर हसताना वरणात पडे. मग भाचा लीलाधर मुंबईले दवाखान्यात कामाले लागेल व्हता, त्यानं नेलं. नव्व्याण्णव साल अशीन. गालाच्या हाडात लांब लांब स्क्रू बसवले अन् त्यावर दात. आबा घरी आला तो गावभर ऊस सोलत फिरला, दातानं.

पण त्या हाडाखाली पोकळी असते म्हणे, नाकाले लागून. स्क्रूच्या कडेला हिरडी पिकली अन् भोक पडलं थेट पोकळीत. आबा पाणी प्यायला की उजव्या नाकपुडीतून गळे. डॉक्टर म्हणे, आधी सूज उतरू द्या, मग शिवून टाकू. तोवर चूल फुंकू नका, नाक शिंकरू नका.

तेवढ्यात पारोळ्याहून कुंदाले पाहाले पाव्हणे निघाले. एकुलती पोरगी, अन् असं चांगलं ठिकाण. आबाची बायको सुगंधाबाई डोक्याले हात लावून बसली.

"बापाच्या नाकातून च्या येते म्हटल्यावर पोरीच्या नाकातून काय येईन, असंच म्हणतीन ते."

"मग मी च्या घेतच नाही."

"अन् बोलणी मोडतीन त्याचं काय?"

खरंच व्हतं ते. बोलणी जुळली की दोन्ही व्याह्यांनी संगंसंगं च्या प्यायचा. ज्यानं बशी सारली त्याचा नकार. म्हणून आबानं गोठ्यात बसून सराव केला. डावीकडं मान पार खांद्याले टेकवली की थेंब गळत नव्हता. म्हैस चारा सोडून पाहत राहे.

पाव्हणे आले. सुकदेवनाना म्हणजे पोराचा बाप, त्याचा भाऊ पुना, नवरा पोरगा, अन् नानाची बायको भिकुबाई. पोरगी पसंत पडली. बशा भरल्या. आबानं देवाचं नाव घेतलं, मान खांद्यावर टाकली अन् सुर्रकन ओढला.

पाव्हण्यांच्या बशा ओठापाशीच थांबल्या. कुंदा दाराआडून पाहे.

नानानं पुनाले कोपर मारलं. हळूच म्हणे, "त्यासना घरनी रीत दिखस. बठ्ठा तशेच प्या."

अन् बठ्ठेच, म्हणजे सगळेच, वाकले. झोपेत मान पडलेल्या कोंबड्यांवानी एका रांगेत. नवऱ्या पोराचा च्या कानामागून कॉलरीत गेला, पण तो बी पठ्ठ्या, हू की चू केलं नाही. आबाले आता हसू दाबवेना. हसला तर च्या नाकातून, अन् नाकातून आला तर पोरगी घरात. डोळे मिटून त्यानं कपाशीवरची बोंडअळी आठवली, तवा कुठं घोट उतरला.

"रीत चांगली शे," नाना मान चोळत म्हणे, "पण म्हातारपनमा जड जाई."

लग्न झालं. त्याच्यामागून आबाचं भोक शिवलं, चांगलं बुजलं. आता सरळ मानेनं पितो, व्याही आले तेवढं सोडून. सांगाची त्याले लाज. तिकडं कुंदा सरळ प्यायली की भिकुबाई टोकते, "माहेरनी रीत सोडू नको वं." अन् नाना सोयऱ्यांकडं कुठंबी गेला की वाकडाच. आता तर म्हणे मानेले पट्टा लागला.

म्हणून हे लिहून घे. वाचणारं कोणी पारोळ्याकडं जात अशीन, तर सुकदेवनानाले एवढं सांगजो: भोक कवाच बुजलं, मान सरळ कर. पण आधी त्याले हातातली बशी खाली ठेवू दे.