कागद ज्याचा, तोंड त्याचं

डॉ. मुकुंदराव टाकळीकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आई मला घेऊन त्यांच्या बेलापूरच्या दवाखान्यात आली होती. तपासणी झाली, त्यांनी केसपेपरवर भराभरा काहीतरी लिहिलं, आणि आईनं हात जोडले. "डॉक्टरसाहेब, हे गावात कळाया नको. दोन पोरी हायेत माझ्या पदरात." डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "कागद कपाटात राहील, बाई. कपाट बोलत नाही." काय कळायला नको होतं ते मी डॉक्टरांच्या सत्कारानिमित्त लिहिलेल्या या लेखाच्या शेवटी सांगणार आहे. तो हक्क माझा आहे, डॉक्टरांचा नाही.

बारावीनंतर डॉक्टरांनीच निरोप पाठवून मला केसपेपर सांभाळायला बोलावलं. त्याच कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? माझाच कागद शोधला. तो होता तिथेच होता, आणि घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तेव्हापासून आजपर्यंत मी तिथेच आहे. एवढ्या वर्षांत डॉक्टरांचं अक्षर मात्र मला अजून नीट लागत नाही. औषधांच्या दुकानदाराला कसं लागतं, देव जाणे.

आमच्या भागात नावांचा दुष्काळ आहे. 'बाळासाहेब' अशी हाक मारली की बाकावरचे निम्मे लोक उठतात, उरलेले भाऊसाहेब नाहीतर रावसाहेब असतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी खोकल्याची तक्रार घेऊन एक बाळासाहेब भाऊसाहेब आले आणि मी दुसऱ्याच बाळासाहेब भाऊसाहेबांचा केसपेपर आत नेऊन दिला. आडनावही एकच. डॉक्टरांनी विचारलं, "शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना?" गृहस्थ खो खो हसले. "मला कुटली शुगर! म्हंजी मळ्यातल्या बाळासाहेबाला शुगर हाय व्हय!" झालं. संध्याकाळपर्यंत ही बातमी पारावर होती.

दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या बाळासाहेबांच्या पत्नी तणतणत आल्या. "आमच्या मालकाची शुगर गावाला कुनी सांगितली?" मी कपाटाआड लपले. डॉक्टर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली. मी मळ्यावर येऊन त्यांची माफी मागतो." आणि खरोखर सायकलवर टांग मारून गेले. माझं नाव त्यांनी तिथे काढलं नाही, आणि पुढेही कधी काढलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "सुनंदा, उद्यापासून प्रत्येक कागदावर आईचं नावही लिहायचं. बापाची नावं सगळ्यांची सारखीच आहेत." आजही आमच्याकडे बाळासाहेब चंद्रभागेचे आणि बाळासाहेब गयाबाईचे असे दोन वेगळे कागद आहेत. सत्तरीच्या माणसाला आईचं नाव विचारलं की तो बाकावर जरा सावरून बसतो, हे मी रोज पाहते.

डॉक्टरांचे नियम दाराशी पाटीवर लिहिलेले आहेत. त्यावरून भांडणंही कमी झाली नाहीत. 'तपासताना आत एकच पेशंट' या नियमावर तर कितीतरी सासवा माझ्यावर डाफरल्या आहेत. "सुनंचं मला न्हाई सांगायचं, तर काय सरपंचाला सांगायचं?" असं एकीनं विचारलं होतं. डॉक्टर आतून म्हणाले, "सरपंचालाही नाही, आजी. सुनेला सांगू. ती तुम्हाला सांगेल, तिला वाटलं तर." त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: कागद ज्याचा, तोंड त्याचं. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा मी पासवर्ड विसरायला नको म्हणून चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवला. डॉक्टरांनी ती चिठ्ठी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "किल्ली कुलपालाच बांधून ठेवतेस का?" त्या दिवशी मी दिवसभर तोंड लपवत होते.

पण या नियमाचा मला एकदा फार राग आला होता, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

माझी धाकटी बहीण मंगल. तिला राहुरीकडचं चांगलं स्थळ आलं होतं. पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आमच्याकडे मुलीची चौकशी करायची एक जुनी रीत आहे, गावच्या डॉक्टरांना हळूच विचारायचं. मुलाचे मामा दवाखान्यात आले. मी समोरच बसले होते, पण त्यांनी मला ओळखलं नाही. "पोरीला काय दुखनं-बिखनं न्हाई ना? येवडंच सांगा." मंगलला साधं पडसंही वर्षातून एकदाच व्हायचं. डॉक्टरांना ते पाठ होतं. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, "मी कोणाच्याच तब्येतीबद्दल दुसऱ्याशी बोलत नाही. तुम्ही मुलीलाच विचारा." मामांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. चार दिवसांत नकार आला.

मंगल आठवडाभर रडली. मी कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. "एक शब्द, डॉक्टर! ती ठणठणीत आहे, हे खरंच सांगायचं होतं. खोटं थोडंच बोलायचं होतं?" त्यांच्याशी मी इतक्या मोठ्यानं पूर्वी कधी बोलले नव्हते. त्यांनी किल्ली माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "सुनंदा, आज मंगलबद्दल 'चांगली आहे' म्हणालो असतो. उद्या ज्या मुलीबद्दल मला तसं म्हणता येणार नाही, तिच्या वेळी मी गप्प बसलो, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय होईल?"

ती दुसरी मुलगी कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते तिथे उभ्या उभ्या कळलं. थोरली मी होते, आणि अजून माझंच लग्न व्हायचं होतं. मी किल्ली उचलली आणि कामाला लागले. राग त्या दिवशी गेला नाही, हेही सांगते. मंगलचा संसार शिर्डीत उभा राहिला, तिच्या नवऱ्यानं तिला स्वतःलाच सगळं विचारलं होतं, त्यानंतर कुठे माझा राग गेला.

माझं लग्न ठरताना डॉक्टरांनी माझा केसपेपर कपाटातून स्वतः काढून माझ्या हातात दिला. "हा तुझा. दाखवायचा की नाही, आणि कोणाला, ते तू ठरव." मी तो मुलाला दाखवला. तो शाळामास्तर. त्यानं दोन्ही बाजू सावकाश वाचल्या, अक्षर लागेना म्हणून मलाच चार ठिकाणी विचारलं, आणि शेवटी म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेता ना?" तेच आज माझे यजमान आहेत.

तर आता तो कागद मी तुम्हा सर्वांसमोर उघडते. मला फिट यायच्या. गावात ज्याला फेपरं म्हणतात आणि पोरीच्या आईला रात्रंदिवस घोर लागतो, ते. डॉक्टरांच्या औषधानं त्या थांबल्या, आणि त्यांच्या गप्प राहण्यानं मला मान वर करून जगता आलं. मला दोन्हींचं मोल सारखंच वाटतं. त्यांनी माझी गोष्ट इतकी वर्षं सांभाळली, म्हणूनच आज ती मला माझ्या तोंडानं सांगता येते आहे.

सत्काराच्या दिवशी बरेच जण मला कोपऱ्यात घेऊन विचारतील, डॉक्टरांची तब्येत आता कशी असते? त्यांचाही केसपेपर माझ्याच कपाटात आहे, आईच्या नावासकट. मी काही सांगणार नाही. कागद ज्याचा, तोंड त्याचं. माझी देवाकडे मागणी एवढीच आहे की त्या केसपेपरला मला अजून पुष्कळ वर्षं नवी पानं जोडायला मिळावीत, आणि त्या पानांवर तारखेखेरीज लिहायला काही सापडू नये.