इंजिनाला शीड

आधी आक्काचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. कोयना धरणाच्या पाण्याकाठी तिचं घर. मी म्हसवडचा. सातवीत शाळा सुटली आणि लाँच चालवायला इकडं आलो. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं. इथं नजर पोचणार नाही एवढं पाणी. सुरुवातीला मला त्याची भीतीच वाटायची. आक्कानं पडवीत झोपायला जागा दिली, ताटात भाकरी वाढली, आणि तू कुणाचा कोण, हे कधी विचारलं नाही. पुढं जे झालं त्यात मी उभा राहिलो तो तिच्या जिवावर.

आता झालं ते.

मे महिना. पाणी पार खाली गेलेलं. काठ आणि बोटी यांच्यामध्ये गुडघाभर चिखल. काठावरच्या बोट क्लबात मी कामाला होतो, आणि तिथं शिडाच्या बोटींच्या परीक्षेचा दिवस होता. मी पांढरा शर्ट घालून आलो होतो. तांब्यात निखारे घालून आक्कानं तो कडक केला होता.

क्लबचे साहेब म्हणाले, "काय रे इंजिन, लग्नाला निघालास?"

सगळे हसले. इंजिन म्हणजे मी. शीड शिकायला बंगल्यातली पोरं यायची, ती मला हीच हाक मारायची. बोट उलटली की "ए इंजिन!" मग मी मोटारबोट घेऊन जायचो आणि दंडाला धरून एकेकाला वर ओढायचो.

"साहेब, आज माझी परीक्षा."

"तुझी? अरे, इंजिनाला कुणी शीड लावतं का?"

मला परीक्षेला बसवायचा शब्द त्यांचाच होता. म्हणाले होते, "दोन हंगाम एकही सुट्टी न घेता रेस्क्यू बोट सांभाळ. तुला परीक्षेला बसवतो. सर्टिफिकेट आलं की तूही शिकवशील." मी त्यांच्या पाया पडलो होतो. हे लिहिताना आजही कपाळ चुरचुरतं. दोन हंगाम गावाला गेलो नाही. गावच्या जत्रेला, सिद्धनाथाच्या रथालासुद्धा नाही. आई निरोपावर निरोप धाडायची. मी सांगायचो, साहेबांनी शब्द दिलाय.

पण शिडाला हात लावू द्यायचे नाहीत. "आधी रेस्क्यू," म्हणायचे. म्हणून आक्कानं युरियाची रिकामी पोती उसवली आणि दाभणानं शिवून मला शीड करून दिलं. जुन्या होडक्यात बांबू उभा केला. मला वाटलं, मोटार इतकी वर्षं चालवली, पाणी तेच, त्यात काय अवघड? इंजिनाच्या सवयीनं जिकडं जायचं तिकडंच नाक धरलं. थेट वाऱ्याच्या तोंडावर. शीड नुसतं फडफडलं. होडी मागं आली. पुन्हा तेच. हात सारखा मागं जायचा, नसलेल्या मोटारीचा कान पिळायला. काठावर आक्काचं हसून हसून धुणं राहिलं.

"आरं बाबा, घाटात एस्टी सरळ वर चढती व्हय? वळणं घे की!"

वळणं घेतली. एकदा इकडं, एकदा तिकडं. होडी वाऱ्याकडं चढायला लागली. खाली मोटारीची घरघर नव्हती. इतकी वर्षं पाण्यावर काढून त्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्याचा आवाज ऐकला.

हे सगळं पोटात घेऊन मी परीक्षेच्या दिवशी साहेबांपुढं उभा होतो.

साहेब म्हणाले, "तुझं नाव मी पाठवलंच नव्हतं. तू मास्तर झालास तर पोरांना पाण्यातनं काढायचं कुणी?"

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. मला फसवायला त्यांना रागवावंही लागलं नाही. मी ज्यांना पाण्यातून ओढून काढलं होतं ती पोरं शेजारीच होती. एकजण खाली बघत बुटाची लेस बांधत बसला. बांधलेलीच होती ती.

"चल, परीक्षकांना पाठीवर घे. बूट खराब होतील त्यांचे."

नेहमीचंच काम. दर उन्हाळ्यात पाहुण्यांना मीच पाठीवरून बोटीपर्यंत न्यायचो.

आणि माझे गुडघे वाकले. आपोआप. मी सांगितलं नव्हतं त्यांना. परीक्षकांचे हात खांद्यावर पडले. शर्टावर. आक्कानं निखाऱ्यांनी कडक केलेल्या शर्टावर.

मी उठलो. मोकळ्या पाठीनं.

"चिखलच हाय साहेब. चालत जावा."

"काय म्हणालास?"

"चालत जावा."

साहेब ओरडले, "म्हसवडच्या धोंड्यातनं आणून तुला पाणी दाखवलं, आणि आमच्याशीच माज?"

परीक्षकांनी बूट काढले, पँट दुमडली आणि चिखलातून गेले. माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवशी रेस्क्यू बोट मीच चालवली. पोर कुणाचंही असो, बुडताना ते पोरच. "ए इंजिन!" अशी हाक आली तेव्हा गेलो, पण ओ दिली नाही. सगळी काठाला लागल्यावर बोटीची चावी साहेबांपुढं ठेवली आणि निघालो.

आक्कानं डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. म्हणाली, "आता रं?"

"परीक्षा देणार. दुसरीकडं. समुद्रावर."

"मग शीड ने संगं. पोती लय पडल्यात, मी दुसरं शिवीन."

आता मी पलीकडच्या काठाला गावकऱ्यांची लाँच चालवतो. हंगामाआधी कोकणात उतरणार. माझं नाव मी स्वतः देणार, कुणाच्या शब्दावर सोडणार नाही. नापास झालो तर पुन्हा बसणार. आणि मास्तर होऊन याच पाण्यावर येणार, त्याच क्लबच्या समोर. इथल्या पोरापोरींना शिकवणार. त्यांना मी नावानं हाक मारणार.

आक्काचं जुनं गाव याच पाण्याखाली आहे. त्याच्यावरून तिला खऱ्या शिडाच्या बोटीतून नेईन. तोवर ती थकलेली असेल, चिखलात तिचा पाय रुतेल. तिला मी पाठीवर घेईन. एवढं मी फेडणार. बाकी कुणासाठीही हे गुडघे वाकणार नाहीत.