मेणाचे डोळे आणि माझा मेहुणा

माझ्या थोरल्या मेहुण्याइतका डोकं फिरवणारा माणूस वसईतच काय, अख्ख्या कोकणपट्टीत सापडायचा नाही. जीव लावणारा आहे, हे मान्य. म्हणूनच तर जास्त राग येतो!

वसईजवळ वटार गावात त्यांची केळीची वाडी. लहानपणापासून चष्म्याचा नंबर सोळा. चष्मा घरी विसरला की कंपाउंडच्या खांबाला “गुड मॉर्निंग, फादर” म्हणून वाकणार. लेसरसाठी बुबुळ पातळ निघालं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मूळची भिंगं तशीच ठेवून दोन्ही डोळ्यांच्या आत आणखी एकेक भिंग बसवलं. झालं! त्या दिवसापासून दिसेल ते मोठ्यानं वाचून दाखवायची खोड लागली. एसटीच्या पाट्या, लग्नातली पाकिटांवरची नावं, चर्चमध्ये मिस्साला पुढच्या बाईच्या खांद्यावरून तिचा मोबाइल. भुईगावच्या किनाऱ्यावर म्हणे, “भावोजी, ती लांबची होडी बघा. मधला माणूस जांभई देतोय!” मला होडीसुद्धा दिसत नव्हती.

एवढं चालवून घेतलं असतं. पण ऑपरेशनआधी मरियामाऊलीला नवस बोलले होते आणि सणाच्या दिवशी मेणाचे डोळे वाहून तो फेडलाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भिंग बसलं म्हणजे संपलं नाही, दरवर्षी दाखवायला यायचं. डोळ्यातला दाब, आतल्या पेशी, सगळं तपासावं लागतं. मेहुणे ढिम्म!

“नवस फेडलाय. आता तपासायला गेलो तर माऊलीला काय वाटेल? ह्याचा भरवसाच नाही?”

“अहो दादा, भिंग कारखान्यात बनलंय!”

“नवसाला गॅरंटी कार्ड नसतं, भावोजी.”

कपाळ माझं! एका वर्षी मी अपॉइंटमेंट घेतली, तर स्वतःऐवजी वेलची केळ्यांचा घड माझ्याबरोबर पाठवला. बाई माझ्याकडे बघतात, मी घडाकडे! शेवटी फादरना मध्ये घातलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, डॉक्टरकडे गेल्यानं श्रद्धा कमी होत नाही. यावर आमचे मेहुणे म्हणाले, “फादर अजून तरुण आहेत.”

मग गेल्या वर्षी पाट्या वाचणं बंद झालं. आम्हाला वाटलं, चला, वयानं शहाणपण आलं. आम्ही खूशसुद्धा झालो! वहिनींनी मात्र बघितलं, चहा ओतताना ते कपाच्या बाहेर ओतत होते. मी अक्षरशः हाताला धरून दवाखान्यात ओढत नेलं. बाई म्हणाल्या, “डावा डोळा उत्तम आहे, इतक्या वर्षांनीसुद्धा. उजव्यात मोतीबिंदू झालाय, म्हणून अंदाज चुकतोय. तो काढू. पण बुबुळाच्या आतल्या पेशी फार गेल्यात, त्या परत येत नाहीत. उजव्यानं पूर्वीसारखं दिसेल, असं सांगता येत नाही. वेळेवर आला असता, तर भिंग काढून त्या वाचवता आल्या असत्या.”

दर वर्षी फक्त एक सकाळ लागली असती हो! वर्षानुवर्षं साठवलेली शिवी माझ्या जिभेवर आली होती. बाहेर बाकावर ते उजव्याच्या पुढच्या तपासणीसाठी चांगल्या डाव्या डोळ्यावर कापूस लावून बसले होते, म्हणून मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, उजवा डोळा बारीक करून बराच वेळ बघितलं आणि माझा हात चाचपडत धरला.

“रागावू नका, भावोजी,” ते म्हणाले, “तुमचं लालबुंद तोंड दिसतंय मला.”

मी रडत होतो. म्हटलं, “हो दादा, बरोबर दिसतंय.”